तिसऱ्या किलोवॉटचा दोष पहिल्याच्या माथी

धाराशिव जिल्ह्यात घरावरच्या सोलरविषयी एक मत घट्ट होत चाललं आहे. सरकार अनुदान देतं, बसवणारे गोड बोलतात, छतावर प्लेटा चमकतात आणि पैसे मात्र कधी वसूल होत नाहीत, असं ते मत. उमरग्याच्या बाजारात, कळंबच्या एसटी स्टँडवर, शाळांच्या शिक्षकखोल्यांत ते ऐकू येतं. ते मांडणारी माणसं हिशेबाने बोलतात. त्यांचा हिशेब असा: तीन किलोवॉटचं सोलर दोन लाखांच्या घरात जातं, घराचं लाइट बिल सहाशे रुपये, दोन लाख भागिले सहाशे म्हणजे जवळपास अठ्ठावीस वर्षं. प्लेटांची हमी पंचवीस वर्षांची. म्हणजे प्लेटा आधी जातील, पैसे नंतर निघतील. मग हा उद्योग करायचा कशाला?

भागाकार बरोबर आहे, पण भाज्य आणि भाजक दोन्ही चुकीचे आहेत. एका घराला लागणारच नाही एवढ्या यंत्रणेची किंमत घ्यायची, तिच्यातून अनुदान वजा करायचं नाही, आणि तिला छोट्या घराच्या छोट्या बिलाने भागायचं. असा हिशेब केला तर विहीर परवडणार नाही, बैलजोडी परवडणार नाही, काहीच परवडणार नाही. या हिशेबावर विसंबून जिल्ह्यातली हजारो घरं वर्षानुवर्षं टाळता येण्यासारखे पैसे भरत राहणार आहेत. म्हणून त्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

आधी एक गोष्ट मान्य करतो. या जिल्ह्याने अविश्वास उगाच शिकलेला नाही. कृष्णेच्या पाण्याची वाट पाहण्यात इथली एक पिढी म्हातारी झाली. सहकारातल्या ठेवी अडकलेल्या इथल्या लोकांनी पाहिल्या. नीती आयोगाने २०१८ साली देशातले मागे राहिलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चारच होते आणि त्यांत हा एक होता. अशा ठिकाणी ‘फुकट वीज’ म्हणत कुणी दारात आला, तर माणूस सावध होणारच, आणि त्याने व्हायलाच हवं. पण सावधपणा हिशेब करायला लावतो. ‘आपल्याला परवडत नाही’ हे वाक्य हिशेब करूच देत नाही.

तो हिशेब करायचा तर लाइट बिल कसं आकारलं जातं इथून सुरुवात करावी लागते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार धरून साधारण सहा रुपये पडतात. १०१ ते ३०० या टप्प्यात तोच दर अकरा रुपयांच्या आसपास जातो. त्यावर स्थिर आकार, आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट आधीच्या युनिटाच्या जवळपास दुप्पट महाग आहे. आता नेट मीटर लावल्यावर काय होतं ते पाहा. घरात वापरलेल्या युनिटांतून छतावर तयार झालेली युनिटं वजा होतात आणि उरलेल्या युनिटांवर टप्पे लागतात. वजाबाकी वरून होते. सर्वांत महाग युनिटं आधी कापली जातात, स्वस्त युनिटं शेवटी. घरावरच्या सोलरचं सगळं अर्थशास्त्र या एका गोष्टीत आहे, आणि बाजूने बोलणारे असोत की विरोधात बोलणारे, दोघेही नेमकी तीच सोडून देतात.

एक किलोवॉटच्या यंत्रणेतून आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, हिवाळ्याच्या अखेरीस जास्त. केंद्राची ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, त्यापुढे यंत्रणा कितीही मोठी केली तरी अनुदान वाढत नाही. बाजारातली किंमत गावागणिक, प्लेटांगणिक बदलते. लहान यंत्रणा किलोवॉटमागे महाग पडते, म्हणून एका किलोवॉटला सत्तर हजार, दोनला एक लाख तीस हजार, तीनला एक लाख नव्वद हजार असे मुद्दाम चढे आकडे मी धरतो.

महिन्याला २०० युनिट वापरणारं घर घ्या. तुळजापूर किंवा परंड्यातलं शिक्षकाचं, दुकानदाराचं, फ्रिज, पंखे, टीव्ही, मोटार आणि उन्हाळ्यात कूलर असलेलं साधं घर. त्याचं बिल एकवीसशे रुपयांच्या आसपास येतं. छतावर एक किलोवॉट बसवला की १२० युनिट वजा होऊन ८० उरतात. बिल येतं साधारण सातशे. महिन्याला चौदाशे, वर्षाला सतरा हजार रुपये वाचले. अनुदान वजा जाता खिशातून गेले चाळीस हजार. अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल.

आता दुसरा किलोवॉट. खिशातून आणखी तीस हजार जातात. पण महाग युनिटं पहिल्याने आधीच कापलेली असतात. दुसऱ्याच्या वाट्याला सहा रुपयांची ऐंशी युनिटं उरतात. बचत महिन्याला साडेपाचशेच्या आसपास. या किलोवॉटचे पैसे निघायला साडेचार वर्षं लागतात. हेही वाईट नाही.

आणि तिसरा? खिशातून आणखी बेचाळीस हजार. पण घराच्या बिलात कापायला आता काही उरलेलंच नाही. स्थिर आकार सोलरने जात नाही. तिसऱ्या किलोवॉटची सगळी वीज शिलकीत जमा होते, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, शिल्लक युनिटांचा मोबदला घरगुती दराने मिळत नाही. तो युनिटला तीन रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. या हिशेबाने तिसऱ्या किलोवॉटचे पैसे निघायला दहा-बारा वर्षं जातात, आणि मध्येच इन्व्हर्टर बदलायची वेळ आली तर त्याहून जास्त.

एकच घर, एकच ऊन, एकाच कारखान्यातल्या प्लेटा. पहिल्या किलोवॉटचा परतावा अडीच वर्षांत, दुसऱ्याचा साडेचार वर्षांत, तिसऱ्याचा दहा-बारा वर्षांत. तेव्हा ‘सोलरचे पैसे वसूल होतात का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कितव्या किलोवॉटचे, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. जिल्ह्यात जी नाराजी साचली आहे, ती बहुतेक ठिकाणी तिसऱ्या किलोवॉटची आहे, आणि तिची शिक्षा पहिल्याला भोगावी लागते आहे.

मग प्रत्येक दुसऱ्या छतावर तीनच किलोवॉट का दिसतात? कारण विक्री तीनची होते. ७८,००० हा आकडा मोठा आहे, तो जाहिरातीत शोभतो. ‘पूर्ण अनुदान घ्या, नाहीतर सरकारचा पैसा वाया’ असं सांगितलं की माणूस हलतो. बसवणाऱ्याला एका किलोवॉटसाठीही तेवढीच धावपळ, तेवढेच कागद, तेवढीच गाडीची फेरी, आणि नफा मात्र तिसरा हिस्सा. त्याची अडचण मला समजते. पण त्याच्या अडचणीची किंमत नव्वद युनिट वापरणाऱ्या घराने का मोजायची? सरकारी योजनेच्या मार्गदर्शक तक्त्यातच महिन्याला दीडशे युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला एक ते दोन किलोवॉट आणि दीडशे ते तीनशे युनिटांच्या घराला दोन ते तीन किलोवॉट सुचवले आहेत. हा तक्ता ग्राहकापुढे ठेवला जात नाही. ठेवला जातो तो कर्जाचा फॉर्म. तीन किलोवॉटचे अनुदानानंतरचे एक लाख बारा हजार कुणी बारा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी उचलले, तर महिन्याचा हप्ता अडीच हजारांच्या घरात जातो. ज्या घराचं बिलच सातशे रुपये आहे, त्याने सातशे वाचवण्यासाठी अडीच हजार भरायचे. हा माणूस उद्या पारावर बसून ‘सोलर म्हणजे फसवणूक’ म्हणणार, आणि त्याच्या पुरतं ते खरंच आहे. फसवणूक मापाची झाली, नाव मात्र सूर्याचं खराब झालं.

विरोधाचा सर्वांत वजनदार मुद्दा गरीब घराचा आहे. ज्याचं बिल मोठं त्यालाच फायदा, मग अनुदान श्रीमंताच्या स्लॅबवर का ओतायचं, असं विचारलं जातं. हा प्रश्न योग्य आहे. ऐंशी युनिट वापरणाऱ्या घरात कापायला अकरा रुपयांची युनिटं नाहीतच. तिथे एक किलोवॉट महिन्याला साडेपाचशे रुपये वाचवतो. केंद्राचं अनुदान धरूनही चाळीस हजार निघायला सहा वर्षं लागतात. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या मजुराकडे सहा वर्षं अडकवायला चाळीस हजार नसतात.

पण याच प्रश्नाला २०२५ च्या ऑक्टोबरात राज्याने एक उत्तर दिलं, आणि त्याची चर्चा आपल्या जिल्ह्यात फारच कमी झाली. ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’, म्हणजे ‘स्मार्ट’ सौर योजना ही महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी आहे. पाच लाख घरांसाठी ६५५ कोटींची तरतूद ठरली. एका किलोवॉटची किंमत पन्नास हजार धरून केंद्राच्या तीस हजारांवर राज्याची भर पडते. सर्वसाधारण गटातल्या घराने दहा हजार भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या घराने पाच हजार, दारिद्र्यरेषेखालच्या घराने अडीच हजार. वर्षाला साडेसहा हजारांची बचत धरली तर दहा हजार दीड वर्षात निघतात, पाच हजार नऊ महिन्यांत. ‘गरिबाला परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावं.

एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वीजजोडणीचा दरच मुळात वेगळा आणि अगदी कमी असतो, वापर महिन्याला तीस युनिटांच्या आत. तिथे वाचण्यासारखं बिलच लहान, म्हणून अडीच हजार निघायलाही काही वर्षं जाऊ शकतात. ‘पाच महिन्यांत वसूल’ असं त्या घराला कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. त्या घराला सोलरचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा एक पंखा वाढेल, शिलाई मशीनला मोटर लागेल, आणि वाढलेल्या वापराचं बिल अंगावर येणार नाही.

दुसरा आक्षेप बँकेतल्या ठेवीचा. चाळीस हजार मुदत ठेवीत टाकले तर सात टक्क्यांनी वर्षाला अठ्ठावीसशे रुपये मिळतील आणि मुद्दल शाबूत राहील, सोलरचं मुद्दल मात्र प्लेटांत जिरतं. ठीक आहे, मुद्दल जिरलं असंच धरा. दोनशे युनिटांच्या घरात पहिला किलोवॉट वर्षाला सतरा हजार वाचवतो. अडीच वर्षांत मुद्दल परत खिशात आलं, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षं जे येतं ती नुसती बचत. ठेवीच्या व्याजावर कर लागू शकतो, न भरलेल्या बिलावर कर नसतो. ठेव चांगली की सोलर, ही तुलना तिसऱ्या किलोवॉटबाबत करावी. तिथे ठेव खरोखरच बरी ठरू शकते. पहिल्याबाबत ती टिकत नाही.

मात्र पैसे कुठून आणले यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय सहा-सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळतं. दोन किलोवॉटचे सत्तर हजार पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता चौदाशेच्या आत बसतो, आणि दोनशे युनिटांच्या घरात बचत जवळपास दोन हजारांची होते. हप्ता बिलातूनच फिटतो. पण हेच सत्तर हजार शेकडा तीनने सावकाराकडून आणले, तर महिन्याचं नुसतं व्याज एकवीसशे होतं. मग कोणत्याही देशातलं कोणतंही ऊन ते फेडू शकत नाही. ऋण काढून सण करू नये हे आपले वाडवडील सांगत आले. सोलर हा सण नाही, तरी सावकारी ऋण त्यालाही बुडवतं.

तिसरा आक्षेप नवा आहे. वीज स्वस्त होणार असं मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं आहे, पहिल्या वर्षी दहा टक्के आणि पाच वर्षांत सव्वीस टक्के दर उतरतील म्हणाले, मग आज सोलर कशाला? धरून चालू या की दर खरंच एक चतुर्थांशाने उतरले, आणि पाचव्या वर्षी नाही, उद्या सकाळीच उतरले. दोनशे युनिटांच्या घराची पहिल्या किलोवॉटची बचत चौदाशेवरून साडेदहाशेवर येते. अडीच वर्षांऐवजी तीन वर्षं लागतात. बस्स. दर उतरण्याची वाट पाहत बसणाऱ्याने त्या तीन वर्षांत पूर्ण बिल भरलेलं असतं.

चौथा आक्षेप टिकाऊपणाचा. प्लेट पंचवीस वर्षं टिकते यावर लोकांचा विश्वास नाही, आणि ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी बॅटरीवाले सौरदिवे गावात लागताना आणि वर्षभरात विझताना पाहिले, त्यांना मी दोष देत नाही. पण ते दिवे बॅटरीमुळे गेले. छतावरच्या नेट मीटरच्या यंत्रणेत बॅटरीच नसते. प्लेटेत हलणारा भाग नाही. तिची क्षमता वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्याने उतरते, आणि पंचवीस वर्षांनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज मिळेल अशी हमी कंपन्या लेखी देतात. खरा कमकुवत भाग इन्व्हर्टर आहे. तो आठ-बारा वर्षांत एकदा बदलावा लागेल हे आजच गृहीत धरावं, आणि त्यासाठी बचतीतले वर्षाला दोन-अडीच हजार बाजूला ठेवावेत. ते ठेवूनही पहिल्या दोन किलोवॉटचा हिशेब तीन-साडेतीन वर्षांत सुटतो.

गारपिटीचं भय मराठवाड्याला सांगायला नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कुणी विसरलेलं नाही. प्रमाणित प्लेटेच्या काचेवर २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्याचा मारा करून चाचणी घेतलेली असते. त्याहून मोठी गार काच फोडू शकते, म्हणून घराच्या विम्यात सोलर घालून घ्यावं. वळवाच्या वाऱ्याने पत्र्यावरचा ढिला सांगाडा उचलला जातो आणि वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे, म्हणून अर्थिंग, तडितरक्षक आणि नटबोल्ट या तीन गोष्टींत पैसे वाचवू नयेत. स्वस्तातला सौदा इथेच महाग पडतो. अनुदानासाठी प्लेटाच नव्हे, त्यांतले सेलही देशात बनलेले असावे लागतात, आणि त्या प्लेटा महाग असतात. कुणी फारच कमी भाव सांगितला, तर कशात कपात झाली आहे हे विचारावं, प्लेटेवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.

ऊन भरपूर म्हणून वीजही भरपूर, हाही गैरसमज आहे, आणि तो विकणाऱ्यांनी पसरवला आहे. प्लेटेला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. पंचवीस अंशांच्या वर प्लेट तापली की दर अंशाला तिची क्षमता एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त घटते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या दुपारी प्लेट साठ-पासष्ट अंशांवर असते, म्हणजे बारा-पंधरा टक्के वीज तापातच गेली. म्हणून फेब्रुवारी-मार्च हे आपले सर्वांत चांगले महिने. धुळीचंही तसंच. आठवड्याला एकदा पहाटे, प्लेट गार असताना, ओल्या फडक्याने पुसली तरी पुरतं. बोअरचं जड पाणी ओतून धुतलं की क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघत नाहीत. टँकरच्या दिवसांत प्लेटा धुवायला पाणी कुठून आणायचं, असा प्रश्न विचारला जातो. एका बादलीत काम होतं, हे त्याचं उत्तर. महिन्याला १२० युनिटांचा आकडा या सगळ्या तोट्यांसह धरलेला आहे.

आता ज्या आक्षेपांपुढे मी माघार घेतो, ते सांगतो.

लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी नेट मीटरचा इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. ‘सोलर बसवा, लोडशेडिंग विसरा’ असं सांगून जे विकतात, ते खोटं बोलतात. बॅटरी जोडली तर दिवे राहतील, पण बॅटरीचे पैसे वसूल होत नाहीत. ती सोय आहे, तिला सोयीच्या खात्यात मोजावं. याहून गंभीर गोष्ट शेतातल्या वस्त्यांची आहे. भूम, वाशी, परंडा भागात कितीतरी कुटुंबं गावठाणात राहत नाहीत, रानात राहतात, आणि त्यांच्या घराची तार शेतीच्या फीडरवरून येते. तिथे पूर्ण दाबाची वीज दिवसाचे काही तासच असते, डीपी जळाली तर कधीकधी आठवडा जातो. तार थंड असताना छतावरची वीज जन्मालाच येत नाही. अशा वस्तीवर नेट मीटरचं सोलर विकणं चुकीचं आहे. तिथे वेगळी, बॅटरीसह यंत्रणा लागते आणि तिचा हिशेब बिलाशी नव्हे, अंधाराशी लावावा लागतो.

तसंच छताचं. मातीचं माळवद प्लेटांचं वजन आणि वारा पेलणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा आणि उमरगा तालुक्यांत जी पुनर्वसित गावं उभी राहिली, तिथे छतावर वजन चढवायच्या कल्पनेनेच जुनी माणसं दचकतात. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये. सांगाड्यासह प्लेटांचं वजन चौरस मीटरला पंधरा-वीस किलोच्या आसपास असतं, चांगल्या स्लॅबला ते जड नाही. पण गळका, भेगाळलेला स्लॅब आधी तपासून घेतला पाहिजे, आणि ती तपासणी विकणाऱ्याने करायची नाही.

नियम बदलतील ही भीतीही खोटी नाही. २०२५ च्या दरप्रस्तावात महावितरणने सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत तयार झालेली वीज त्याच वेळेतल्या वापरातून वजा करावी, असं सुचवलं होतं. घरगुती ग्राहकांबाबत वीज नियामक आयोगाने तेव्हा ते स्वीकारलं नाही. पण सूचना एकदा आली, ती पुन्हा येऊ शकते. या भीतीवर उपाय ‘सोलर नको’ हा नाही. लहान सोलर, हा उपाय आहे. एका किलोवॉटच्या विजेचा मोठा भाग दिवसाच फ्रिज, मोटार, पंखे, कूलर खाऊन टाकतात, ती युनिटं मीटरबाहेर जातच नाहीत, आणि त्यांना कोणताही नवा नियम हात लावू शकत नाही. नियम बदलले तर मार बसेल तो पुन्हा तिसऱ्या किलोवॉटला.

परतावा खरा असतो याचा पुरावा जगाने दिलेला आहे. शेजारच्या पाकिस्तानात वीज महाग झाली तेव्हा २०२४ या एका वर्षात लोकांनी आणि उद्योगांनी साधारण १७ गिगावॅटच्या प्लेटा आयात केल्या. गरीब देश, डबघाईला आलेला खजिना. तिथल्या माणसाने अनुदानासाठी छत झाकलं नाही, बिलासाठी झाकलं. आपल्या राज्यात साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये पहिलं सौरग्राम झाली, तीही डोंगरकपारीतली, शेतकरी कुटुंबांची. आणि आपल्याच जिल्ह्यात कौडगावला महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. आपल्या उन्हावर मोठा प्रकल्प परवडतो हे सरकारी कंपनीला कळलं. तेच ऊन आपल्या छतावर पडतं तेव्हा ते परवडत नाही, असं मानायला कोणतंही कारण नाही.

म्हणून माझं म्हणणं केवळ आक्षेप घेणाऱ्यांपुढे नाही, व्यवस्थेपुढेही आहे. बसवणाऱ्याच्या प्रत्येक कोटेशनवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किलोवॉटचा खर्च आणि परतावा स्वतंत्र छापलेला असावा. एकत्र सरासरी सांगणं बंद व्हावं, कारण पहिल्याच्या नफ्याआड तिसऱ्याचा तोटा त्या सरासरीतच लपतो. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाकडे प्रत्येक ग्राहकाची बारा महिन्यांची युनिटं आहेत. त्यावरून ‘तुमच्या घराला इतके किलोवॉट पुरेत’ अशी चिठ्ठी देणं त्यांना एका दिवसाचं काम आहे. बँकांनी एका किलोवॉटचं कर्ज लहान आहे म्हणून टाळू नये. ‘स्मार्ट’ योजनेतल्या घरांची यादी आणि अर्जाची रीत ग्रामसभेत वाचून दाखवावी, कारण ती ज्यांच्यासाठी आहे ते पोर्टल उघडून बसत नाहीत. आणि योजनेतच असलेली पाच वर्षांच्या देखभालीची अट पाळली जाते का, हे कुणीतरी छतावर चढून पाहावं. आयटीआयमधल्या पोरांना हे काम शिकवलं तर इन्व्हर्टर बंद पडल्यावर माणूस सोलापूर-लातूरकडून येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

तोवर प्रत्येक घराने स्वतःपुरतं एक काम करावं. लाइट बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो बेरीज करून बाराने भागावा. शंभराच्या आत आकडा आला तर ‘स्मार्ट’ योजनेतल्या एका किलोवॉटपलीकडे पाहू नये. दीडशे-दोनशे आला तर एक किलोवॉट नक्की, दुसरा पैसे असतील तर. तीनशेच्या पुढे गेला, घरात एसी आहे, विजेवरची गाडी येणार आहे, तर तिसऱ्याचा विचार रास्त. कुणी याच्या उलट सांगत असेल, तर तो तुमचं बिल पाहून बोलत नाही, स्वतःचा नफा पाहून बोलतो.

मापात बसवलेल्या सोलरचे पैसे वसूल होतात. धाराशिवमध्ये होतात, साध्या घरात होतात, कर्ज रास्त असेल तर कर्जासह होतात. ज्यांचे झाले नाहीत त्यांना गरजेपेक्षा जास्त विकलं गेलं, महागड्या व्याजाने विकलं गेलं, किंवा जिथे चालणार नव्हतं तिथे विकलं गेलं. त्या विक्रीचा जाब विचारायला हवा, आणि तो विकणाऱ्याला विचारायला हवा. तो जाब आपण उन्हाला विचारत राहिलो, तर दर महिन्याला अकरा रुपयांची युनिटं विकत घेत राहू, आणि ज्या जिल्ह्याकडे पाणी कमी, उद्योग कमी, पण ऊन मुबलक आहे, तो जिल्हा आपल्या हातातली एकमेव हक्काची मिळकत दुसऱ्यांना वापरू देत राहील.